भुलीच्या कपाटातलं औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाच्या उशाशी जो डॉक्टर बसतो, तो मी. घरी गेल्यावर रुग्णाला सर्जनचं नाव आठवतं, आमचं सहसा आठवत नाही. कारण आमची ओळख होते न होते तोच तो झोपी जातो. अशा माणसानं म्हातारपणीच्या नैराश्यावर बोलावं, याचं तुम्हाला थोडं नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्या कपाटातलं एक जुनं औषध मानसोपचाराच्या वॉर्डात जाऊन पोचलं आहे आणि त्याच्या मागोमाग मीही. त्या औषधाचं नाव केटामिन.

मी १९८६ साली तालुक्याच्या एका रुग्णालयात रुजू झालो. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नसे आणि ऑक्सिजनचा सिलिंडर जिल्ह्याच्या गावाहून यायचा. अशा ठिकाणी केटामिन हा आमचा मोठा आधार होता. भुलीची बहुतेक औषधं श्वास मंदावतात, रक्तदाब उतरवतात. केटामिनमध्ये श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब उलट थोडा चढतो. भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग, पोराचा मोडलेला हात बसवणं, मोठं गळू कापणं, हे सगळं त्याच्यावर निभायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

हे औषध अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये तयार केलं. डॉ. एडवर्ड डॉमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ते प्रथम माणसांना दिलं. १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी त्याचा वापर झाला. या औषधाची भूल मात्र वेगळीच. रुग्णाचे डोळे उघडे असतात, पण तो आपल्यात नसतो. शुद्धीवर येताना काही जण सांगत, "डॉक्टर, मी वर छताला लागलो होतो, खाली मला माझंच अंग दिसत होतं." आम्ही हा दुष्परिणाम समजायचो आणि तो कमी व्हावा म्हणून जोडीला झोपेचं औषध द्यायचो. त्यानंतरचे दोन-चार दिवस रुग्णाचं मन कसं असतं, हे विचारावं असं आमच्या कधी डोक्यात आलं नाही.

ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या डोक्यात आलं. २००० साली त्यांनी नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. भुलीच्या मात्रेपेक्षा बरंच कमी केटामिन त्यांनी शिरेतून सावकाश दिलं आणि काही तासांतच त्या रुग्णांची उदासी हलकी होऊ लागली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं इतर औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांवर असाच प्रयोग केला. एका डोसनंतर दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम होता. आठवडाभर तो टिकला मात्र ३५ टक्क्यांमध्येच. या औषधाची सगळी कहाणी या दोन आकड्यांत आहे. गुण लवकर येतो, आणि तो लवकर जातोही.

आता म्हातारपणाकडे वळू. इथे मला एक घरची गोष्ट सांगायची आहे. माझे वडील पोस्टात होते. निवृत्तीनंतरही रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते पेपर वाचायला बसत. शेवटची दोन वर्षं ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर नुसते बसून असत. पेपर पुढ्यात यायचा आणि संध्याकाळी त्याची घडी तशीच असायची. जेवण दोन घास. कुणी आलं तर "हं" एवढंच. मी डॉक्टर. रोज त्यांचं बीपी बघायचो आणि आईला सांगायचो, "अगं, वय झालंय आता." आई म्हणायची, "वय माझंही झालंय की." तिचं ते वाक्य मला नीट कळलं ते वडील गेल्यानंतर. त्यांना बहुधा नैराश्याचा आजार होता आणि त्यावर उपचार होते. आम्ही ते केलेच नाहीत.

आमचं घर अपवाद नव्हतं. देशभरातल्या ज्येष्ठांची 'लासी' नावाची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये मोठ्या नैराश्याची लक्षणं आढळली. आपल्याला नैराश्याचं निदान झालंय असं स्वतः सांगणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहांतले नऊ जण कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. याचं कारण असं, की वयस्क माणूस 'मी उदास आहे' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, पोट साफ होत नाही, कंबर धरली, तोंडाला चव नाही, रात्री दोनला जाग येते. कधी विसरभोळेपणा इतका वाढतो की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते. म्हणून पहिलं काम तपासणीचं. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातलं सोडियम, कंपवात, चालू असलेली औषधं, कानाला ऐकू येतं की नाही, हे सगळं बघावं लागतं.

त्यानंतर नेहमीचे उपचार. समुपदेशन, दिनक्रम आणि नैराश्यावरच्या गोळ्या. वयस्कांमध्ये गोळ्या अगदी थोड्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवाव्या लागतात. गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पुष्कळ जण यानेच बरे होतात, हे मी मुद्दाम सांगतो. पण दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही काही जणांना उतार पडत नाही. तरुण माणूस आणखी दोन महिने थांबू शकतो. पंचाहत्तरीच्या, अन्नपाणी सोडलेल्या आजींना ते परवडत नाही. अंथरूण धरलं की स्नायू जातात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ धरतो. शिवाय आत्महत्येचा विचार म्हातारपणीही येतो. त्या वयात माणूस तो बोलून दाखवत नाही, एवढंच. म्हणून लवकर गुण देणारं औषध या वयात फार मोलाचं ठरतं.

केटामिन लवकर काम कसं करतं? नैराश्याच्या बहुतेक गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात. केटामिनची वाट वेगळी आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलताना ग्लुटामेट नावाचं रसायन मोठ्या प्रमाणावर वापरतात. ते ज्या कुलपांत बसतं, त्यातल्या एका प्रकारच्या कुलपाला केटामिन काही काळ अडवतं. त्यातून पुढे घडामोडींची एक साखळी सुरू होते आणि पेशींमधले सुकत चाललेले जोड पुन्हा धरू लागतात, असं आज मानलं जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत असे नवे जोड २४ तासांत दिसले आहेत. रान माजून बुजलेली पायवाट मोकळी व्हावी, तसं हे आहे. औषध स्वतः एका दिवसात शरीरातून जवळपास निघून जातं, गुण मात्र त्यानंतरही काही दिवस राहतो. मोकळ्या झालेल्या वाटेवरून कुणी चाललंच नाही, तर ती पुन्हा बुजते.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते सांगतो. रुग्णानं काही तास आधीपासून खायचं नाही. खोली शांत, दिवे मंद. हाताला सलाईन, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. रूढ मात्रा वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत सावकाश. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. ऑपरेशनच्या भुलीसाठी आम्ही याच्या दुप्पट ते चौपट मात्रा मिनिटभरात देतो. ज्येष्ठांमध्ये तर आम्ही अर्ध्या मिलिग्रॅमच्याही बरंच खालून सुरुवात करतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी साठीपुढच्या १६ रुग्णांवर हीच पद्धत वापरली. मात्रा लहानापासून चढवत न्यायची आणि इंजेक्शन त्वचेखाली द्यायचं. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार चालू असताना रुग्ण जागा असतो. अंग हलकं वाटतं, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, कधी मळमळतं, क्वचित भीती वाटते. "आजी, मी इथेच आहे, हे थोड्या वेळात जाईल," असं सांगणारं माणूस शेजारी हवंच. नंतर निदान दोन तास देखरेख. त्या दिवशी एकट्यानं बाथरूमलाही जायचं नाही. या वयात एक पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, यात फारसं अंतर नसतं.

एका बाईंची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ७१, निवृत्त शिक्षिका. त्यामुळे वॉर्डातले आम्ही सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचो. यजमान गेल्यानंतर आठ महिन्यांत आधी त्यांचं बोलणं थांबलं, मग जेवण. दोन औषधं पुरेसे आठवडे देऊन झाली होती. तिसऱ्यानं रक्तातलं सोडियम उतरलं, ते बंद करावं लागलं. मानसोपचारतज्ज्ञांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली. मुलगा म्हणाला, "आईला शॉक? नको डॉक्टर, मला ते बघवणार नाही." मग केटामिनचं ठरलं. पहिल्या वेळेनंतर काहीच फरक नाही. दुसऱ्या वेळेनंतर सकाळी सिस्टरनं चहा दिला. बाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर विसरलीस का गं?" कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून केलेली ती पहिली तक्रार. मुलगा व्हरांड्यात जाऊन उभा राहिला, बराच वेळ आत आला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या. अशा वेळी नातेवाईक खचतात. म्हणून आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवतो, की हे होऊ शकतं. आठवड्यातून दोनदा असे काही डोस झाले, मग त्यातलं अंतर वाढवत नेलं. सोबत नवी गोळी चालूच होती. जे चार-पाच बरे दिवस मिळत, त्यांत फिजिओथेरपिस्ट त्यांना चालवत. आहारतज्ज्ञानं त्यांच्या आवडीचं खाणं लिहून दिलं. नात गणिताची वही घेऊन येऊ लागली. सहा महिन्यांनी केटामिन थांबवलं तेव्हा बाई गोळीवर आणि नातीच्या गणितावर ठीक होत्या.

दुसरी हकिगत एका आजोबांची. वय ८२. पहिल्याच वेळी बीपी इतकं चढलं की औषध मध्येच थांबवावं लागलं. बीपीचे उपचार सुधारून, मात्रा कमी करून आणखी तीनदा दिलं. काहीही गुण नाही. 'माझं आतडं कुजलंय' असा भ्रमही त्यांना होऊ लागला होता. अखेर शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी द्यावी लागली आणि तिनं ते उठून बसले. बाईंची गोष्ट सांगणाऱ्यानं आजोबांचीही सांगितली पाहिजे, असं मला वाटतं.

मोठ्या अभ्यासांचं म्हणणंही काहीसं असंच आहे. केटामिनचाच एक भाग असलेल्या एस्केटामिनच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली. अट अशी, की तो दवाखान्यातच घ्यायचा आणि दोन तास तिथे थांबायचं. ६५ वर्षांपुढच्या १३८ रुग्णांवरचा त्याचा वेगळा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फवारा घेतलेल्यांची सुधारणा जास्त होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती थोडक्यात उतरली नाही. ६५ ते ७४ वयाच्या लोकांत फरक जास्त दिसला, पंचाहत्तरीपुढे कमी. अर्थात, जे औषध चाळिशीत चालतं ते ऐंशीत तसंच चालेल, असं धरून चालता येत नाही.

ईसीटीशी तुलनाही झाली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, भ्रम नसलेल्या रुग्णांमध्ये केटामिनला ५५.४ टक्के आणि ईसीटीला ४१.२ टक्के रुग्णांनी दाद दिली. त्याआधी स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या, १८ ते ८५ वयाच्या लोकांवरच्या अभ्यासात उलट चित्र होतं. ईसीटीनं ६३ टक्के बरे झाले, केटामिननं ४६ टक्के. भ्रम असतील, अन्नपाणी पूर्ण सुटलं असेल, तर वयस्कांमध्ये ईसीटी आजही भक्कम उपचार आहे. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्याला मनाई केली आहे. ती भूल मीच देतो. म्हणून सांगतो, नुसत्या भीतीपोटी तिला नकार देऊ नका.

केटामिनचे धोकेही स्वच्छ सांगायला हवेत. ताब्यात नसलेला रक्तदाब, रक्तवाहिनीला आलेला फुगा, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका, पूर्वीचे भ्रमाचे आजार, अशा वेळी हे औषध टाळलं जातं किंवा फार जपून दिलं जातं. याची नशाही करतात. वारंवार मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांची मूत्राशयं खराब होतात. 'फ्रेंड्स' मालिकेतला अभिनेता मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, त्याच्या मृत्यूचं मुख्य कारण केटामिनचा परिणाम हेच निघालं. त्यानं ते घरी, देखरेखीशिवाय घेतलं होतं. आपल्याकडे २०१३ पासून केटामिन औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. दुकानदाराला चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. घरी येऊन टोचून जातो, असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. मुळात हे इंजेक्शन भुलीसाठीचं आहे. नैराश्यासाठी ते देताना डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, रुग्णाला समजावून, लेखी संमती घेऊन देतात. इंजेक्शन स्वस्त आहे. खर्च येतो तो देखरेखीचा, आणि तिथेच काटकसर करायची नसते.

तेव्हा तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. हा आजार नैराश्याचाच आहे, याची खात्री कशी केली? आधीची औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस दिली गेली का? उपचाराच्या वेळी बीपी आणि श्वास कोण बघणार, काही बिघडलं तर सोय काय? आणि गुण आला तर पुढच्या आठवड्यात काय करायचं, गुण आला नाही तर काय? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घरच्यांकडे असतं. औषधानं मिळालेल्या चार बऱ्या दिवसांत त्यांच्याशी कोण बोलणार, त्यांना कोण चालवणार, त्यांच्या ताटाशी कोण बसणार, हे औषध ठरवू शकत नाही.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

माझ्या वडिलांना केटामिन लागलं असतं की नाही, कोण जाणे. कदाचित साध्या गोळीनं आणि संध्याकाळच्या एका फेरफटक्यानं भागलं असतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्या न उघडलेल्या पेपरकडे बघून थबकायला हवं होतं. तुमच्या घरात असा पेपर दिसला, तर 'वय झालं' म्हणून उठू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा.